आवाज पिणाऱ्या भिंती

नव्या बंगल्याला आवाज पिणाऱ्या भिंती बसवण्यात हेमलताबाईंचा तिहेरी फायदा होता. रस्त्यावरचे हॉर्न, शेजारचा मिक्सर आणि नवऱ्याचं घोरणं, तिन्हींपासून सुटका. एखाद्या आवाजानं त्यांच्या कपाळाला आठी पडली की भिंती तो आवाज ओळखत आणि त्यांच्या कानांपुरता कायमचा पिऊन टाकत.

वास्तुशांतीनंतरचा महिना धुक्यातून तरंगल्यासारखा गेला. हातून निसटलेलं ताटसुद्धा पिसासारखं फरशीला टेकलं.

मग सत्यनारायणाला आलेली मंडळी बाईंच्या नवऱ्याच्या, दिगंबररावांच्या, कशावर तरी पोट धरून हसली. बाईंना त्यांचे नुसते हलणारे ओठ दिसले. तीस वर्षं नवऱ्याच्या प्रत्येक विनोदाला त्यांनी आठीच घातली होती, तीही कौतुकाची. भिंतींना ते कुठून कळणार?

बाईंनी दिगंबररावांना दंडाला धरून भिंतींपासून दूर, फाटकाबाहेर नेलं.

"अहो, आत्ता काय म्हणालात? पुन्हा सांगा."

"पाहुण्यांपुरतं काहीतरी बोललो," दिगंबरराव म्हणाले. "तुला सांगणं सोडलंय मी. महिनाभर काहीही सांगितलं तरी तुझ्या कपाळावर साधी आठी नाही. म्हटलं, हिला कंटाळा आला आपला."

शांतता सगळी हेमलताबाईंना मिळाली होती. तिची किंमत मात्र दिगंबरराव मुकाट्यानं भरत होते.