पालथी

वाशीजवळच्या डोंगरात मेंढरांचा तळ पडला होता. भर दुपारी सरपण वेचायला गेलेल्या म्हाळसाबाईवर बोरीच्या जाळीतून अस्वलाची मादी धावून आली आणि एका फटक्यात तिला आडवं केलं. पाठीला पिलं असलेली मादी, ती कसली सोडतेय! पण म्हाळसाबाई पळाली नाही की ओरडली नाही. पालथी होऊन तिनं गुडघे पोटाशी घेतले, दोन्ही हातांनी मान झाकली आणि निपचित पडून राहिली. मादीनं पाठ फाडली, खांद्याचा लचका तोडला आणि ही हालेना म्हटल्यावर पिलं घेऊन निघून गेली.

दवाखान्यात जबाब घ्यायला आलेला वनरक्षक थक्कच झाला.

"बाई, अस्वलापुढं असंच पडायचं असतं. आम्ही गावोगाव सांगत फिरतो, पण ऐनवेळी कुणाला जमत न्हाय. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"सांग की सायबाला," खाटेजवळ उभा असलेला तिचा नवरा गुंडाप्पा कौतुकानं म्हणाला.



"ह्यांनीच शिकवलं," म्हाळसाबाई म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं, हातात काठी घेऊन."