उजवीकडून लिहिलेला अर्ज

"अरबी लिहिता येतं त्याला दुनियेत कुणाच्या बापाची भीती नाही," असं परकार सर बी.ए.च्या वर्गाला दर वर्षी पहिल्याच तासाला ऐकवत. आज तास सुटल्यावर त्याच वर्गातल्या उत्तमचा बाप येऊन पहिल्या बाकावर बसला आणि सरांच्या हातातला खडू खाली पडला.

बाप म्हणजे लालबागचा गिरणी कामगार कोंडीराम. संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. संप मोडून गुपचूप कामावर निघालेल्या एका जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, हात त्यानं मिलच्या गेटावर मोडला, ही बातमी गिरगावातल्या ह्या कॉलेजापर्यंत पोचली होती. सरांनी वर्गाचं दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं. ओरडलो तर निदान शिपायाला ऐकू जाईल. कोंडीरामही सारखा दाराकडेच बघत होता. मागून आणखी माणसं येणार, हे सरांनी ताडलं.

त्यानं पिशवीतून मुलाची वही काढली. "ह्यात काय लिहिलंय, वाचा."

गृहपाठ सरांनीच दिलेला होता: मालकाकडे नोकरीसाठी अर्ज. बाकीच्या पोरांनी दुबई-कुवेतच्या शेखांना लिहिलं होतं. उत्तमनं लिहिलं होतं परळच्या मिलच्या मॅनेजरला. अक्षर सुरेख, नुक्ते जागच्या जागी. 'संपात उतरलो ही माझी चूक झाली. हात जोडतो, कामावर परत घ्या. आपला, कोंडीराम.'

सरांच्या मानेवरून घाम ओघळला. पोरगं बापाच्या नावानं माफी मागून बसलं होतं. जॉबर परका होता, म्हणून एका हातावर सुटला. हा तर घरचा.

"निबंध आहे," सर म्हणाले. "उंटावर."

"नक्की?"

"पाण्याशिवाय पंधरा-पंधरा दिवस चालतो म्हणे. छान लिहिलंय."

कोंडीराम उठला. सर खुर्चीसकट फळ्याला टेकले. तो टेबलापाशी आला, वाकला आणि हळू आवाजात बोलायला लागला.

"मीच सांगितलं तसं लिहिलंय त्यानं. चाळीत मराठी सगळ्यांना येतं, इंग्लिश चौघांना. हे कुणालाच येत नाही. तुम्ही बाहेर बोलणाऱ्यातले काय, तेवढं बघायचं होतं." मग म्हणाला, "घरातली भांडी विकून झाली, सर. आता हेच इंग्लिशमध्ये उतरवून द्या."

सरांनी कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"आणि सर," पुन्हा दाराकडे बघत तो म्हणाला, "तेवढं दार लावून घ्याल काय?"