तीनच्या जागी चार

"तीनच्या जागी चार करा. पण जुनं काढू नका," साहेब म्हणाले आणि कागद तिच्याकडे सरकवला.

तिने एकवार कागदाकडे पाहिलं, एकवार साहेबांकडे. ही सूचना म्हणायची की कोडं? हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं माहितीपत्रक होतं ते. पहिलंच वाक्य होतं, 'आवृत्ती तीनमध्ये केलेलं काम आपोआप जतन होत नाही.'

"इथेही चार करायचं?"

"सगळीकडेच करा."

"मग जुनं राहणार कुठे?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असली ही कामं.

सकाळपासून तिचं डोकं जड होतं. आपण कधी आलो, डबा आणला की नाही, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. बाकीची माणसंही कुठे दिसत नव्हती. शेजारून नुसती घरघर येत होती, प्रिंटर असावा. काम जमलं नाही तर हे आपल्याला घरी बसवतील, एवढी एकच भीती तिला स्पष्ट कळत होती. या वयात दुसरीकडे कोण घेणार?

पेन्सिल हातात आली तशी मात्र ती सावरली. कागद फडक्यासारखा मऊ पडला होता.

"साहेब, चारमध्ये काम आपोआप जतन होतं का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्यावर चालत नाही. होतं असं मी लिहिलं आणि होत नसेल, तर कुणाची तरी दिवसभराची मेहनत पाण्यात जाईल. त्या माणसाला तोंड कोण देणार, तुम्ही?"

साहेब ओशाळून हसले. शर्टावरचा दोरा झटकत म्हणाले, "मग कसं करावं? शिकवा मला."

असा साहेब तिने जन्मात पाहिला नव्हता.

"प्रोग्राम कसा उघडायचा, कुठलं बटण दाबायचं, तिथे चार घालते. तीनबद्दल जे खरं होतं ते तीनच्याच नावावर राहील. खात्री नसेल तिथे समासात प्रश्न लिहिते. उत्तर तुम्ही बनवणाऱ्यांकडून आणायचं."

"आणतो."

तिने कागद पुढे केला. साहेबांनी ओळीखालून बोट फिरवत सगळं वाचलं. पेन सापडेना, तेव्हा खिशातून चपटा निळा खडू काढून कोपऱ्यात 'मान्य' लिहिलं.

"उद्या येऊ ना मी?"

"तुमच्याशिवाय अडतं इथे."

तिचा जीव भांड्यात पडला. खुर्चीला मान टेकून तिने डोळे मिटले.

साहेबांनी तिचा चष्मा अलगद काढून ठेवला. मग खोडरबर घेतला आणि तिने लिहिलेलं सगळं, एकेक ओळ, जपून पुसायला लागले.

शेजारच्या खोलीतली शिलाई मशीनची घरघर थांबली.

"बाबा," दारातून लेकीने हळूच विचारलं, "आईचं ऑफिस सुटलं का?"