दहा मिनिटं पुढे

दिगंबरपंतांच्या कृत्रिम डोळ्यांपुढे सकाळपासून अंधार होता, आणि त्या अंधारात एकच ओळ: ‘जोडणी सुरक्षित नाही.’ डोळे चालवणाऱ्या दृष्टिकेंद्राच्या साइटशी ते जोडलेच जात नव्हते.

“बाबा, डोळ्यांचं घड्याळ पुढे केलंत का?” सून मृदुलानं विचारलं.

“दहा मिनिटं. तुझ्या सासूबाई घरातली सगळी घड्याळं पुढेच ठेवायच्या ना!”

“अहो, केंद्र खरं आहे हे पटवायला साइट दर वेळी नवं ओळखपत्र पाठवते, ते पाच मिनिटांत बाद होतं. तुमच्या डोळ्यांना ते शिळं वाटतंय.”

तिनं फोनवरून वेळ बरोबर लावली. आधी तिचा घामेजलेला चेहरा दिसला, मग भिंतीवरचं घड्याळ.

“तेही मागे करू?”

पंतांनी तिचे दोन्ही हात धरले. “पोरी, तुझे उपकार फिटायचे नाहीत. पण ते तिच्याच वेळेनं चालू दे.”