पणजीहून आलेली साडी

"पप्पा, पणजीच्या कसिनोत तुमी काय हरून आलात?"

'विचारून दाखव, मग तुला मानलं!' असं वर्गातल्या पोरींनी डिवचलं होतं, म्हणून नेकनूरच्या दहावीतल्या रोहिणीनं भाकरी मोडता मोडता हसत विचारून टाकलं. पप्पा मित्रांसंगं चार दिवस गोव्याला जाऊन आलते, अन् आल्यापासून तिच्या तोंडाकडं बघतच नव्हते.

"हरलो काय न्हाई," ते ताटाकडं बघत म्हणाले. "उलट माझ्यासंगं आलेल्या अमरसिंहकाकानं तुला लई भारी साडी घेतलीय. ती बघ, पिशवीत हाय."

"मला साडी कावून? मी तर युनिफॉर्मवाली!"

तव्यावरची भाकर करपली तरी आई हलली नाही. "शेवटच्या डावाला यांच्याजवळ काही उरलं नव्हतं, पोरी. पैसे अमरसिंहभाऊंनी लावले, अन् यांनी तुला त्यांची सून करायचा शब्द दिला. रविवारी सुपारी फुटतीय."

"मर्दाचा शब्द हाय," पप्पा पुटपुटले. "मोडता येत न्हाई."

रोहिणीनं हात धुतले आणि पिशवीतली साडी घडीसकट दप्तरात कोंबली.



"पप्पा, आई, माझं ठरलंय. ही साडी घेऊन मी पोलीस ठाण्यात चाललेय. रविवारी सुपारी फोडायचीच असंल, तर तिथं साहेबांसमोर फोडा."