रुमाल टाकलेली खुर्ची

शेवंताबाईंनी शेजारच्या खुर्चीवर नवऱ्याचा रुमाल टाकला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. भर पेठेतलं, कित्येक वर्षं कुलूप लागलेलं हे थिएटर आज पुन्हा उघडलं होतं. झुंबर, मखमली पडदा, सगळं होतं तस्संच केलं होतं.

नवरा इथेच डोअरकीपर होता. दिवे मालवले की दार लावून गुपचूप शेजारी येऊन बसायचा. तो वारला, त्यानंतरच थिएटर बंद पडलं.

"आजी, ही सीट माझी आहे," एका माणसाने मोबाइलवरचं तिकीट दाखवलं. "रुमाल टाकून जागा धरायचे दिवस गेले हो."

त्यांनी रुमाल उचलला. तो बसला.

दिवे मालवले. मागे दार लागल्याचा आवाज झाला. सवयीने शेवंताबाईंनी वाट द्यायला पाय आखडून घेतले.

मध्यंतरापर्यंत ते तसेच आखडलेले होते.