एक जून

लाईट गेली आणि अंबडच्या क्लासमधला एकमेव कॉम्प्युटर बंद पडला. मी विसाही पोरांना ओट्यावर ओळीत उभं केलं. क्रम लावायची रीत कॉम्प्युटरचीच: पुठ्ठ्यावर जन्मतारीख लिहायची, साल सोडून, पुढच्या शेजाऱ्याशी ताडायची, आपली नंतरची असेल तर जागा बदलायची. कुणी हललंच नाही. एकोणीस पुठ्ठ्यांवर एक जून, शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली. माझीही तीच. पहिल्या जागेवरची गौहर मात्र पुठ्ठा छातीशी धरून होती. त्यावर नऊ डिसेंबर. “तुला खरी तारीख कशी माहीत?” “अम्मीच्या मयतीच्या दाखल्यावर हाय, सर. मी झाले अन् ती गेली.” हजेरी द्यावी तसं म्हणाली. मग तिनं शेजारच्या भुजंगला पुठ्ठा दाखवला. तो सरकला. एकेकाशी तारीख ताडत ती ओळीच्या शेवटी पोचली. “बराबर का, सर?” “बराबर,” म्हणालो. वहीत लिहिलं: अदलाबदली एकोणीस.